जर्मनी-स्पेन स्थिर भांडवल गुंतवणूक: ग्राफ बरोबर, पण निष्कर्षावर सरांनी काट मारली

प्रश्न : विश्रामबागकर

नमस्कार मंडळी, एमए अर्थशास्त्र दुसरं वर्ष, सांगली. प्रोजेक्टला जर्मनी आणि स्पेन घेतलेत, १९९५ ते २०२३, ग्रॉस फिक्स्ड कॅपिटल फॉर्मेशन (म्हणजे स्थिर भांडवल गुंतवणूक) जीडीपीच्या किती टक्के, एवढंच. वर्ल्ड बँकेचा डेटा एक्सेलमध्ये टाकला, दोन रेषा काढल्या. २००७ च्या सुमाराला स्पेन ३० टक्क्यांच्या आसपास आणि जर्मनी २० च्या घरात, म्हणून मी लिहिलं की स्पेनने भविष्यासाठी जास्त गुंतवणूक केली, जर्मनी मागे पडला. सरांनी त्यावर लाल पेनाने काट मारली आणि बाजूला फक्त "कशात?" एवढंच लिहिलं. आता कशात म्हणजे काय, गुंतवणूक ती गुंतवणूक ना? सोमवारी परत दाखवायचंय, कुणीतरी सांगा.

कृष्णाकाठ

सरांनी एका शब्दात सगळं सांगितलंय की. युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या सांख्यिकी कार्यालयाच्या साइटवर जा, तिथं मालमत्तेच्या प्रकारानुसार फोड मिळते: राहती घरं, इतर बांधकाम, यंत्रसामग्री, वाहनं, आणि बौद्धिक संपदा म्हणजे सॉफ्टवेअर, संशोधन वगैरे. फोड केलीस की दिसेल, स्पेनच्या त्या तीसमधले दहापेक्षा जास्त टक्के नुसत्या घरांचे होते, जर्मनीत घरांचा वाटा त्याच्या निम्म्याच्या आसपास. युरो आल्यावर व्याजदर उतरले, बँकांनी हात सैल सोडला, एकट्या २००६ मध्ये स्पेनमध्ये ७ लाखांवर घरांची कामं सुरू झाली. शिवाय सिउदाद रेआलचा विमानतळ बघ, साधारण अब्जभर युरो ओतून बांधला आणि २०१२ ला बंद. तो खर्च तुझ्या ग्राफमध्ये 'गुंतवणूक' म्हणूनच बसलाय, आकड्याला काय कळतं विमान उतरतं का नाही. आणि हो, स्पेनला नुसतंच हसू नको, त्याच काळात त्यांनी युरोपातलं सगळ्यात मोठं हायस्पीड रेल्वेचं जाळंही उभं केलंय, तेही ह्याच आकड्यात.

बेदाणाकिंग

भावा आमी तासगावचे, आमच्या भाषेत सांगतो. नवी बाग लावली, डॉगरीजची खुंटं, कलम, लोखंडी अँगल, तारा, ठिबक, बाग धरायला येईपर्यंतचा सगळा खर्च ही झाली स्थिर गुंतवणूक, व्हय, द्राक्षवेलसुद्धा हिशेबात येते, चेष्टा न्हाई. पुढं दरवर्षीची छाटणी, औषधं, मजुरी ह्यातलं काय येत न्हाई, तो चालू खर्च. बेदाणा करून कोल्ड स्टोरेजला ठेवला की तो साठा, स्थिर न्हाई. आन् सगळ्यात मोठी गंमत, बाप्यानं ४० लाखाला एकर घेतलं तरी देशाच्या गुंतवणुकीत रुपया वाढत न्हाई, जमीन आधीपास्नं होतीच की, नुसता मालक बदलला. स्पेनमधी घरांचं भाव चढलं त्यातलं लई जमिनीचं होतं, ते ह्यात धरू नको.

विश्रामबागकर

दादा, साठा वेगळा म्हणजे? माझ्या फाइलमध्ये "ग्रॉस कॅपिटल फॉर्मेशन" असं एक हेडिंग आहे...

कृष्णाकाठ

अरे देवा. मग चुकीचा कॉलम घेतलायस. वर्ल्ड बँकेत दोन शेजारी-शेजारी आहेत, एकात साठ्यातला बदल धरलेला, दुसऱ्यात "फिक्स्ड" शब्द आहे. फिक्स्डवाला घे. फरक फार नसतो पण मंदीच्या वर्षात साठे एकदम हलतात.

कराडचा_डॉर्टमुंडात

थोडं जर्मनीबद्दल, इथं राहून बघतोय म्हणून. तुमच्या ग्राफमध्ये जर्मनीची रेषा सपाट दिसते आणि सगळे म्हणतात वा काय शिस्त, पण "ग्रॉस" म्हणजे झीज वजा न केलेला आकडा आहे. झीज वजा केली की इथल्या नगरपालिकांची निव्वळ गुंतवणूक २००३ नंतर कित्येक वर्षं उणे होती, म्हणजे जेवढं नवं बांधलं त्यापेक्षा जास्त जुनं झिजलं. वरून २००९ ला सरकारी कर्जावरचा लगाम थेट घटनेत घातला. परिणाम आमच्या दाराशी, ए४५ महामार्गावरचा राहमेडेचा पूल डिसेंबर २०२१ मध्ये एका दिवसात बंद केला, २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला, तोवर महामार्गाचे अवजड ट्रक लुडेन्शाइड गावातून, खिडकीची काच थरथरते असं तिथला माझा सहकारी सांगायचा. २०२४ च्या सप्टेंबरात ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग तर पहाटे आपोआप नदीत. मग मार्च २०२५ ला घटना बदलून पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोचा निधी. त्यामुळे निव्वळ आकडा पण जोडा, युरोपियन कमिशनच्या अमेको डेटाबेसमध्ये मिळतो. आणि सुरुवात १९९१ पासून करा की, एकीकरणानंतर पूर्व जर्मनीत बांधकामाची लाट होती, तेव्हा इथलाही आकडा चांगला वर होता. १९९५ पासून धरलं तर त्या लाटेची फक्त उतरण दिसते.

कृष्णाकाठ

एक राहिलं. २०१३ ला स्पेन १८ टक्क्यांच्या आसपास आला, पण तोवर छेदातला जीडीपीही आकसला होता. छेद लहान होऊनही टक्का एवढा पडला, म्हणजे अंशाचं, खुद्द गुंतवणुकीचं, काय झालं असेल बघ. त्यासाठी गुंतवणुकीचा स्थिर किमतीतला, म्हणजे भाववाढ वगळून, निर्देशांक काढ, २००७ = १०० धरून. ती दुसरी आकृती. आणि कुणी आयर्लंड घे म्हणालं तर ऐकू नको, तिथं बड्या कंपन्यांचे पेटंट कागदोपत्री आले की एका वर्षात रेषा आभाळाला टेकते.

विश्रामबागकर

फिक्स्डवाला कॉलम घेतला, ०८ आणि ०९ चे आकडे खरंच हलले. घरं वेगळी काढली तर २००७ मधलं दोघांतलं अंतर निम्म्यावर आलं, आता "कशात?" च्या खाली हाच तक्ता लावतो. १९९१ चं उद्या बघतो, लाइट गेलीय आणि लॅपटॉप ९ टक्क्यांवर आहे.