'रिस्क'ला धोका म्हणावं की जोखीम?

मृद्गंध
मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर नातालिझुमॅब हे औषध घेणाऱ्यांसाठीचं माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. पीएमएल या मेंदूच्या संसर्गाचं 'रिस्क स्ट्रॅटिफिकेशन', म्हणजे तो कुणाला होण्याची शक्यता किती यावरून गट पाडणं, अडलंय. 'जोखीम स्तरीकरण' लिहिलं, ते 'धोक्याचे टप्पे' होऊन परत आलं. टप्पे म्हटलं की आजार पायरीपायरीने वाढतोय असं वाटतं. इथे तर आजार झालेलाच नाही!

तिरकस
'धोका' ठेवा, कुणालाही कळतं. जोखीम विम्याच्या एजंटाला. स्तरीकरण खडकांचं करतात.

आडवळण
धोका असतो किंवा नसतो. जोखीम जोखता येते, शब्दातच ते आहे: जोखणे म्हणजे तोलणे. इथे तोलायच्या गोष्टी तीन: रक्तात पीएमएल घडवणाऱ्या जेसी विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आहेत का, आधी अझाथायोप्रिन किंवा मायटोक्सँट्रोनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं झालीत का, आणि उपचाराला 2 वर्षं उलटलीत का.

तिरकस
शब्दाच्या पोटात शिरून अर्थ काढायचा तर 'जोखमीचा ऐवज' कुठे बसवणार? तिथे जोखीम म्हणजे जपायची मौल्यवान वस्तू.

आडवळण
तोलून ताब्यात दिलेला ऐवज! गुजरातीतही जोखवुं म्हणजे तोलणं आणि जोखम म्हणजे हेच.

रेघोटी
व्युत्पत्ती राहू द्या, आकडे पाहा. आधी तशी औषधं न घेतलेल्यांसाठी पीएमएल किती जणांना होतो याचे युरोपीय औषध संस्थेचे 2016चे अंदाज आहेत. प्रतिपिंडांचा इंडेक्स, म्हणजे ती किती आहेत ते सांगणारा चाचणीतला आकडा, 1.5च्या वर असेल तर पहिल्या वर्षी हजारात 0.2, तिसऱ्या वर्षी 3, सहाव्या वर्षी 10. इंडेक्स 0.9 किंवा कमी असेल तर सहाव्या वर्षीही 0.6. दोघांना एकच 'धोका' कसा म्हणणार? आणि आधी तशी औषधं झाली असतील तर इंडेक्सवरून गट पाडता येत नाहीत, ही ओळ पत्रकात हवीच.

तिरकस
'कमी धोका, जास्त धोका' म्हणा. मराठी माणूस एवढं समजतो.

मृद्गंध
'प्रतवारी' चालेल?

रेघोटी
प्रतवारी कापसाची नि आंब्याची होते. रुग्णाला 'तुम्ही तिसऱ्या प्रतीचे' सांगणार का? 'जोखीमगट' पुरे. आणि इंडेक्सला 'निर्देशांक' नको, लोकांना शेअर बाजार आठवतो. नमुन्याच्या वाचनाला प्रमाण नमुन्याच्या वाचनाने भागतात, म्हणजे ते गुणोत्तर. 0.2च्या खाली निगेटिव्ह, 0.4च्या वर पॉझिटिव्ह, मधलं आलं तर दुसरी खातरजमेची चाचणी.

आडवळण
निगेटिव्हला 'नकारात्मक' मात्र करू नका. इथे ती चांगली बातमी आहे.

रेघोटी
चांगली, पण कायमची नाही. संसर्ग नंतरही होतो, म्हणून दर 6 महिन्यांनी पुन्हा तपासायचं. प्लाझ्मा बदलल्यावर 2 आठवडे चाचणी नको, प्रतिपिंडं धुऊन गेलेली असतात. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर 6 महिने नको, दुसऱ्यांचीच प्रतिपिंडं मोजली जातील. जास्त जोखमीच्या गटात एमआरआय दर 3 ते 6 महिन्यांनी.

तिरकस
एवढं सगळं 'मेंदूज्वर टाळण्यासाठी' एवढ्यात मावतं.

रेघोटी
मावत नाही, चुकतं. पीएमएलमध्ये सहसा ताप नसतो, मान आखडत नाही. एक बाजू लुळी पडते, बोलणं अडखळतं, नजर जाते, स्वभाव बदलतो. 'मेंदूज्वर' वाचलेला माणूस तापाची वाट पाहत बसेल.

मृद्गंध
मान्य. 'जोखीमगट' घेते, पण वरचे लोक अजून 'टप्पे'वरच अडलेत. शिवाय पुढच्या ओळीत 'संधिसाधू संसर्ग' आहे. शिवी वाटते.

आडवळण
शिवी कसली? हा विषाणू निम्म्याहून अधिक प्रौढांत निवांत पडून असतो. नातालिझुमॅबमुळे पहारेकरी पेशी मेंदूत शिरेनाशा झाल्या की डोकं वर काढतो. संधी साधणं आणखी कशाला म्हणतात?

तिरकस
मग 'दबा धरून बसलेला' लिहा.

आडवळण
ते विषाणूचं विशेषण झालं, संसर्गाचं नव्हे.