मदत हवी आहे: ट्रायकोडर्मा आणि मेटारायझियम एकाच टाकीत वाढवता येतात का?

हळदकरी, वसमत
माझ्या हळदीत कंदकूज (कंद कुजवणारा रोग) आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) दोन्ही आहेत, म्हणून कंदकुजीवर ट्रायकोडर्मा आणि हुमणीवर मेटारायझियम या दोन्ही उपयुक्त बुरश्या गूळ घालून एकाच टाकीत वाढवल्या. वर हिरवा थर आला आहे. त्यात मेटारायझियम शिल्लक आहे की ट्रायकोडर्माने ते संपवले? उद्या ठिबकमधून सोडायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

मोसंबी बाग, जालना
टाकी किती दिवसांची आहे, वास कसा येतो आणि अलीकडे बुरशीनाशक दिले होते का? नुसत्या हिरव्या रंगावरून काहीच ठरत नाही, कारण दोन्ही बुरश्यांचे बीजाणू हिरवेच असतात.

आळिंबी शेड, लातूर
संपवलेच असणार. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालतो आणि विकरांनी त्यांची भित्तिका विरघळवतो. माझे धिंगरी आळिंबीचे बेड त्याने हिरवे करून टाकले, तेव्हापासून मी काड ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवल्याशिवाय बेड भरत नाही.

मोसंबी बाग, जालना
बेडचा न्याय शेताला लावू नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बायोमिक्समध्ये उपयुक्त बुरश्या आणि जिवाणू एकत्रच असतात. मातीत ट्रायकोडर्मा मुळांभोवती राहतो आणि मेटारायझियम हुमणीच्या अंगावर वाढते. गुळाच्या पाण्यात मात्र दोघींचे अन्न एकच असल्यामुळे भरभर वाढणारा ट्रायकोडर्मा पुढे निघून जातो.

शेतकरी, अंबाजोगाई
हुमणीसाठी पहिल्या पावसानंतर कडुलिंब आणि बाभळीवर जमणारे भुंगेरे संध्याकाळी गोळा करून नष्ट करावेत.

हळदकरी, वसमत
भुंगेऱ्यांचा हंगाम केव्हाच गेला. आता अळ्या मुळाशी आहेत. टाकी पाच दिवसांची असून वास आंबट येतो. आठ दिवसांपूर्वी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली होती, परंतु त्याचा येथे संबंध असेल असे वाटले नाही.

मोसंबी बाग, जालना
संबंध तोच आहे. मातीत उरलेले कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारते आणि आंबट वास म्हणजे टाकीत जिवाणू किंवा यीस्ट माजले आहेत, तेव्हा ती टाकी सोडू नका. काही दिवस थांबून ताजी पावडर आणा, ट्रायकोडर्मा पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर ठेवा आणि मेटारायझियम वेगळे द्या.

आळिंबी शेड, लातूर
वेगळेच द्यायचे, तर आधी मेटारायझियम द्यावे, म्हणजे त्याला जम बसवायला वेळ मिळेल.

हळदकरी, वसमत
मग मेटारायझियम उद्याच देतो. कार्बेन्डाझिम त्यालाही बाधते का?

मोसंबी बाग, जालना
बाधते. तेही बुरशीच आहे.