मदत हवी आहे: ट्राउटच्या तळ्यात चब माजलेत, टायगर मस्की सोडावा का?

तळंराखण:
अमेरिकेतल्या युटा राज्यात आमच्या वसाहतीचं खासगी तळं. 6 एकर, खोली जेमतेम 14 फूट, येऊन मिळणारा ओढा नाही. दर वसंतात रेनबो ट्राउटची 4 इंची बोटुकली सोडतो. हल्ली गळाला ट्राउट लागेनासे झालेत, सापळ्यात मात्र नुसते युटा चब (कार्पच्या कुळातले मासे): काही 3-4 इंची, काही 8-10 इंची. पाणीही हिरवं पडतंय. समितीत टायगर मस्कीचं (नॉर्दर्न पाइक आणि मस्केलंज यांचा वांझ संकर, मोठा शिकारी मासा) घाटतंय. किती सोडावेत? की टायगर ट्राउट बरा? रोटेनॉनला (तळ्यातले सगळेच मासे मारणारं विष) निम्म्या सभासदांचा विरोध आहे.

गळकाटा:
तुम्ही दिलेल्या मापांतच उत्तर आहे. ट्राउट साधारण स्वतःच्या एक तृतीयांश लांबीचं भक्ष्य सहज गिळतो. 12 इंची टायगर ट्राउट 3-4 इंची चब खाईल, 9 इंचीच्या वाटेला जाणार नाही. आणि अंडी घालतात ते हेच मोठे, एकेक मादी हजारोंनी. त्यामुळे नुसते शिकारी सोडून माजलेलं तळं साफ होत नाही.

आधी मोठे चब उपसा. वसंताच्या अखेरीस ते अंडी घालायला काठच्या उथळ पाण्यात येतात. तेव्हा काठाला काटकोनात ट्रॅप नेट (मासे जिवंत अडकवणारं पिंजऱ्यासारखं जाळं) रात्रभर लावा आणि पहाटेच उचला, म्हणजे आत शिरलेले ट्राउट जिवंत सोडता येतील. गिलनेट (कल्ल्यांत अडकणारं जाळं) नको, त्यात ट्राउट गुदमरून मरतात. रोज चबचं वजन लिहून ठेवा. आकडा पार घसरेपर्यंत थांबू नका.

शरदात पाणी गार झालं की 10-12 इंची टायगर ट्राउट एकरी 15-20, म्हणजे एकूण शंभरेक. ब्राउन आणि ब्रुक ट्राउटचा हा संकर वांझ असतो, संख्या आपल्या हातात राहते. पुढे रेनबो मात्र 8 इंचांहून मोठेच सोडा. 4 इंची सोडलेत तर विकतचा खुराक घालताय असं समजा! तशीही ती बोटुकली उपाशीच असणार: चब डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव, शेवाळ खाणारे) फस्त करतात, शेवाळ खाणारं कुणी उरत नाही, म्हणून पाणी हिरवं.

तळंराखण:
मग युटातल्याच स्कोफिल्ड जलाशयात चबवर सरकारनेच मस्की सोडले ते?

पाणघोडा:
तिथे हजारो एकर पाणी आहे. मस्की 10 इंची चबही गिळतो हे खरं, पण मऊ, बिनकाट्याचा रेनबो त्याला तितकाच आवडतो. 6 एकरांत दोन-चार मस्कीही तुमचं ट्राउटचं बजेट खातील. युटातल्याच स्ट्रॉबेरी जलाशयाचं उदाहरण, तोही मोठाच असला तरी, जास्त उपयोगी: चब मारायला 1990 मध्ये रोटेनॉन, मग चब खाणारा बेअर लेक कटथ्रोट ट्राउट, आणि 15 ते 22 इंची कटथ्रोट लगेच परत सोडायचा नियम. तुम्हीही टायगर ट्राउट पकडून नेण्यावर बंदी घाला, नाहीतर चब खाण्याएवढा झाला की तोच ताटात जातो.

कुणी नॉर्दर्न पाइक सुचवला तर ठाम नाही म्हणा. तो टायगर मस्कीसारखा वांझ नाही. कॅलिफोर्नियात लेक डेव्हिसमध्ये 1994 ला सापडला. 1997 ला रोटेनॉन टाकूनही पुन्हा दिसला, 2007 ला परत टाकावं लागलं.

गावाकडे शेततळ्यात तिलापियावर मरळ सोडतात, तो हिशेब इथे लावू नका; शेततळं आटवून नव्याने भरता येतं.

गळकाटा:
मासे मागवण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याची परवानगी बघा, आणि सांडव्याला जाळी आहे ना तेही.