एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पुवाच्या पुटकुळ्या: दोन बाळं म्हणजे साथ?

इनचार्ज_सिस्टर: आठवड्याभरात दोन बाळांच्या जांघेत पुटकुळ्या आल्या तर साथ धरायची का? सगळ्या बाळांना क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशक द्रावणाने) पुसून घेतलं तर चालेल?

कल्चरप्लेट: साथ धरूनच कामाला लागा, शिक्कामोर्तब नंतर होईल. आधी पू नीट घ्या. पुटकुळी ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या, मग निर्जंतुक सुईने टोचून आतला पू स्वॅबवर घ्या. ओली असतानाच टोचली तर अल्कोहोल पुवात उतरतं आणि कल्चर (पुवातले जंतू वाढवून बघायची तपासणी) कोरं येतं. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून बघायच्या तपासणीत) द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे गोल जंतू दिसले की स्टॅफ, म्हणजे पुटकुळ्या आणणारा स्टॅफिलोकोकस. गिम्सा स्लाइडवर (पेशी रंगवलेल्या काचेवर) नुसते इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि ग्रॅम स्टेन रिकामा असेल तर तो बहुधा एरिथेमा टॉक्सिकम (नवजात बाळांचा निरुपद्रवी पुरळ), त्याला काही करावं लागत नाही.

कातडी सोलवटत असेल तर फोडातल्या पाण्यावर विसंबू नका. तिथे स्टॅफचं विष पोचलेलं असतं, जंतू सहसा नसतो. नाक, बेंबी आणि डोळ्यांचे स्वॅब पाठवा. आलेले जंतू फेकू नका, टायपिंगला (सगळ्या बाळांत एकच जंतू आहे का ते बघायला) लागतात.

हातधुणे_समिती: क्लोरहेक्सिडिन सरसकट नकोच. कमी दिवसांच्या (वेळेआधी जन्मलेल्या) बाळाच्या पाठीखाली द्रावण साचलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात, अल्कोहोलमधलं असेल तर जास्तच. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये टाल्कम पावडरीत चुकून हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक मिसळलं गेलं आणि ३६ मुलं दगावली. बाळाची कातडी औषध शोषते, हे विसरू नये.

बाधित बाळं एका बाजूला, त्यांची सिस्टर वेगळी, आणि रात्रपाळीतही वेगळीच! रात्री एकच जण दोन्हीकडे फिरली की विलगीकरण फक्त फळ्यावर उरतं. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, टेप ज्याचं त्याला. उरलेल्या बाळांचे नाक आणि जांघेचे स्वॅब दर आठवड्याला. स्टाफचे स्वॅब लगेच नकोत. मोठ्या माणसांत साधारण तिघांत एकाच्या नाकात स्टॅफ सापडतोच, उगाच कुणावर तरी खापर फुटतं. हाताला इसब किंवा जखम असलेलं कुणी आहे का, ते आधी बघा.

इनचार्ज_सिस्टर: आणि मुपिरोसिन (नाकात लावायचं प्रतिजैविक मलम)?

कल्चरप्लेट: नाकात जंतू सापडलेल्या बाळांनाच, २ टक्के मलम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. सगळ्यांना महिनोन्महिने लावलं तर त्यालाही न जुमानणारा जंतू तयार होतो.

बायोमेड: इनक्युबेटरच्या हात घालायच्या खिडक्यांचे रबर काढून धुवा, गादीची शिवण उसवली असेल तर गादी बदला. ॲक्रिलिकवर अल्कोहोल नको, बारीक तडे जातात आणि मग ते स्वच्छ होत नाही.

हातधुणे_समिती: घरी गेलेल्या बाळांच्या आयांनाही फोन करा. पुटकुळ्या कधी कधी डिस्चार्जनंतरच दिसतात.