मदत हवी आहे: ४ महिन्यांत २६ किलो उतरवायचे आहेत, काटा तिसऱ्याच आठवड्यात अडकला

शेवंती

वय ३८, उंची १५८ सेंमी, सुरुवातीचं वजन ८४ किलो. गाठायचंय ५८, तेही ४ महिन्यांत. ॲपमध्ये नोंद ठेवून रोज ९०० कॅलरी खाते, अर्धा तास चालते. काम बैठं. पहिल्या आठवड्यात २.४ किलो उतरलं, दुसऱ्यात ०.६ आणि या आठवड्यात उलट ०.३ वाढलं. थायरॉइड आणि साखर तपासून झाली, ठीक आहे. रक्तदाब किंचित वरच्या बाजूला, औषध कुठलंच नाही.

माझं काय चुकतंय? खाणं आणखी कमी करू का? आणि मुळात ४ महिन्यांत किती वजन उतरेल अशी अपेक्षा ठेवावी?

तराजू

शेवंतीताई, खाणं आणखी कमी करू नका. आधी हिशोब मांडू.

तुमचं वय, उंची आणि वजन मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात घातलं तर (१० × वजन) + (६.२५ × उंची) − (५ × वय) − १६१ म्हणजे साधारण १४७५ कॅलरी येतात. शरीर नुसतं पडून राहिलं तरी एवढं लागतं. बैठं काम आणि थोडं चालणं धरून याला १.४ ने गुणलं की दिवसाचा खर्च २०५० ते २१०० च्या आसपास जातो. हा अंदाज आहे, शे-दोनशे इकडेतिकडे होणारच.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. २६ किलोच्या झाल्या २ लाखांच्या वर. १२० दिवसांत भागा, रोजची तूट १६५० पेक्षा जास्त येते. म्हणजे खायला उरतात दिवसाला ४०० कॅलरी. एवढ्यावर चार महिने काढणं धोक्याचं आहे. ८०० च्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतच नाहीत. तेव्हा तुमची चिकाटी कमी पडत नाहीये, ठरवलेला आकडाच शक्यतेच्या बाहेरचा आहे.

आता पहिल्या आठवड्याचे २.४ किलो. यकृतात आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी. खाणं एकदम कमी केलं की हा साठा आधी वापरला जातो आणि पाणीही बाहेर पडतं. दीड-दोन किलो असे काही दिवसांत जातात. तो वेग पुढे टिकत नसतो. दुसऱ्या आठवड्याची तुलना पहिल्याशी केली की हमखास वाटतं, काहीतरी बिघडलं.

पाऊलवाट

अपेक्षेबद्दल लिहिते, कारण बहुतेक लोक इथेच सोडून देतात.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्या ६० स्त्रियांना सुरुवातीलाच विचारलं गेलं, किती वजन उतरायला हवं? सरासरी उत्तर आलं, शरीराच्या ३२ टक्के. १७ किलो उतरले तर आपण निराश होऊ, असंही त्यांनी सांगितलं. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले होते. वैद्यकीयदृष्ट्या हे फार चांगलं यश आहे, पण जवळजवळ निम्म्या जणींना त्यांनी स्वतःच ‘निराशाजनक’ ठरवलेलं वजनही गाठता आलं नव्हतं. तुमचे ८४ वरून ५८ म्हणजे ३१ टक्के. मनातला आकडा जवळपास तोच आहे, म्हणून ही गोष्ट इथे सांगावीशी वाटली.

पहिल्या सहा महिन्यांसाठी ५ ते १० टक्के धरा. तुमच्या बाबतीत ४ ते ८ किलो, म्हणजे ८० ते ७६ पर्यंत. ऐकायला कमी वाटतं, पण शरीराला एवढ्याने फरक पडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य दिलं होतं. धोक्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण त्याने ५८ टक्क्यांनी घटलं. रक्तदाबाचा वरचा आकडा दर किलोमागे सरासरी १ ने उतरतो. तुमचा रक्तदाब वरच्या बाजूला आहे, तेव्हा महिन्यातून एकदा त्याची नोंद ठेवा. वजनकाटा थांबलेला असतानाही तो आकडा सुधारलेला दिसू शकतो.

वेग आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. आठवड्याला दीड किलोच्या वर सतत वजन उतरत गेलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, स्नायूही जास्त झिजतात.

५८ हा आकडा खोडू नका, पण तारीख काढून टाका. आत्ताचं लक्ष्य ७९.८, म्हणजे पहिले ५ टक्के.

शेवंती

हिशोब पटला. पण या वेगासाठी ९०० वरून १५०० वर गेले तर वजन झपकन वाढेल ना? आणि ९०० खाऊनही काटा का थांबला, ते अजून कळलं नाही.

तराजू

वाढेल, अर्धा ते दीड किलो. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरताना त्यासोबतचं पाणी परत येतं, आतड्यात अन्नही जास्त असतं. ही चरबी नाही. १५०० ते १६०० खाल्लं तरी रोज ५०० ची तूट राहतेच. दहा-बारा दिवस काट्याकडे पाहून काहीही निर्णय घ्यायचा नाही, एवढं आधीच ठरवून ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. खरोखर ९०० जात असतील तर तीन आठवड्यांत चरबीच तीन किलोच्या आसपास जायला हवी आणि पाणी वेगळं. तुमचं सगळं मिळून २.७ उतरलंय. एक शक्यता म्हणजे पाळीच्या आधीचे दिवस असतील, तेव्हा एक-दोन किलो पाणी सहज धरलं जातं. दुसरी शक्यता नोंदीतल्या गळतीची. याला कुणी खोटेपणा समजू नये. १९९२ सालच्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन हलत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांचं खाणं प्रत्यक्ष मोजमापातून काढलं, तेव्हा त्यांनी ते सरासरी ४७ टक्के कमी सांगितल्याचं दिसलं. चयापचय मात्र सगळ्यांचा नीट होता.

गळती कुठे होते ते एकदा डोळ्यांनी बघा. नेहमीसारखं बाटलीतून कढईत तेल ओतण्याआधी कढई स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून शून्य करा, मग ओता. मोठा चमचा सपाट भरला तर १४ ग्रॅम, म्हणजे १२५ कॅलरी. हाताच्या अंदाजाने ओतलेलं बऱ्याचदा त्याच्या दुप्पट निघतं. मूठभर सुकामेवा ३० ग्रॅम धरला तर १७५ च्या आसपास. चव घेताना तोंडात गेलेलं, चहा-कॉफीतलं दूध-साखर, ताटात उरलेलं संपवणं, हे ॲपमध्ये कुणीच लिहीत नाही. दोन आठवडे सगळं ग्रॅममध्ये मोजा. जन्मभर मोजायची गरज नाही, नजर तयार झाली की पुरे.

मोजपट्टी

वजन करण्याची पद्धत सांगतो. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. काटा कडक फरशीवर आणि त्याच जागी. सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. आकडा लिहा आणि विसरा, पाहायची ती सात दिवसांची सरासरी.

समजा एका बाईचे सोमवारपासून आकडे आले ८१.६, ८१.२, ८२.१, ८१.९, ८१.४, ८१.०, ८१.१. सरासरी ८१.५. पुढच्या आठवड्यात ८१.४, ८०.८, ८०.९, ८१.७, ८१.३, ८०.६, ८०.७. सरासरी ८१.१. म्हणजे ४०० ग्रॅम उतरले, अगदी योग्य वेग. पण याच बाईने फक्त पहिल्या मंगळवारी आणि पुढच्या गुरुवारी वजन केलं असतं, तर तिला अर्धा किलो वाढलेलं दिसलं असतं. रात्रीचं खारट जेवण, बद्धकोष्ठ, नवीन व्यायामाने दुखावलेले स्नायू, कशानेही काटा एका दिवसात किलोभर सरकतो.

सरासरीची तुलना महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा, म्हणजे पाळीचा घोळ राहत नाही. दोन आठवड्यांतून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. कंबर उंचीच्या निम्म्याखाली यावी, तुमच्यासाठी ७९ सेंमी. रोज वजन पाहून मन खचत असेल किंवा खाण्याची भीती वाटायला लागली असेल, तर काटा कपाटात ठेवा आणि फक्त टेप वापरा. खाऊन उलटी काढणं, दिवसचे दिवस उपाशी राहणं असं काही सुरू झालं असेल तर आहार थांबवून आधी डॉक्टरांशी बोला.

पाऊलवाट

दोन गोष्टी राहिल्या. व्यायाम आणि प्रथिनं नसतील तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागातून जातो. प्रथिनं दिवसाला ८० ते ९० ग्रॅम, तीन जेवणांत वाटून (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा). आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात, नाहीतर काम होत नाही.

चालणं वाढवा, पण त्याची कॅलरी खाण्यात परत देऊ नका. तुमच्या वजनाला एक किलोमीटरमागे ५० ते ६० जातात. मनगटावरचं यंत्र बऱ्याचदा जास्त दाखवतं.

शेवंती

उद्यापासून १५५०, तेल मोजून, रोजचं वजन सरासरीसाठी. अजून एक विचारते. समजा ७६ पर्यंत पोहोचले आणि तिथे अडकले, तर?

तराजू

अडकणार हे गृहीतच धरा. ७६ किलोला त्याच सूत्राने दिवसाचा खर्च १९५० च्या आसपास येतो आणि शरीर त्याहूनही थोडी काटकसर करतं. आजची ५०० ची तूट तिथे ४०० च्या खाली गेलेली असेल. सरासरी आणि कंबर दोन्ही चार आठवडे हलली नाहीत, तरच काही बदला. आधी पुन्हा आठवडाभर मोजमाप, मग रोज १०० ते १५० कॅलरी कमी किंवा तेवढंच चालणं जास्त. १२०० च्या खाली स्वतःहून जाऊ नका.

सहा महिन्यांनी दोन-तीन महिने मुद्दाम थांबा. तेव्हाच्या खर्चाएवढं खा आणि सरासरी एक किलोच्या आत धरून ठेवा. ते जमलं की पुढचे ५ टक्के ठरवू, इथेच येऊन आकडे टाका.