मदत हवी आहे: क्रेगचे पाच बॉन्डपट कोणत्या क्रमाने दाखवावेत आणि मधले गोंधळ कसे सोडवावेत?

सातवी ओळ:

डॅनियल क्रेगचे पाचही बॉन्डपट घरच्या मंडळींना दाखवायचे आहेत. कॉनरी, मूर, ब्रॉस्नन यांच्यापैकी कुणाचाही सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. आधीचे पाहिल्याशिवाय हे कळतील का? गोष्ट नव्याने सुरू होते म्हणतात, मग ज्युडी डेंच ब्रॉस्ननच्या वेळचीच एम (गुप्तहेर खात्याची प्रमुख, बॉन्डची वरिष्ठ) कशी? ‘कसिनो रोयाल’मध्ये विमानतळावरच्या मारामारीचा जुगाराशी काय संबंध, हे बहुतेकांना कळत नाही, ते थोडक्यात कसं सांगू? आणि शेवटचा डाव बॉन्ड नेमका कशावर जिंकतो? शेवटच्या सिनेमाचा शेवट फोडू नका, एवढी विनंती.

पिटातला प्रेक्षक:

आधीचा एकही पाहायला नको. 2006चा ‘कसिनो रोयाल’ हा या मालिकेतला 21वा सिनेमा, पण त्यातल्या बॉन्डला डबल-ओ, म्हणजे जीव घेण्याचा परवाना असलेला दर्जा, नुकताच मिळतोय. काळ मात्र 2006चाच आहे, आणि डेंचबाईंचं कोडं पडतं ते त्यामुळेच. 1995च्या ‘गोल्डनआय’पासून त्या एम होत्या, शिवाय या दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल. इथे नटी तीच, पात्र नवं असं धरून चाला. ‘गोल्डनआय’मधली एम त्या खुर्चीवर नुकतीच आलेली असते, ही मुरलेली आहे आणि नवख्या बॉन्डला लगाम घालते.

‘जेम्स बॉन्ड हे नुसतं सांकेतिक नाव, माणसं बदलतात’ असं कुणी सांगेलच. ते टिकत नाही. 1969मध्ये लेझनबीच्या बॉन्डची बायको ट्रेसी मरते आणि 1981मध्ये मूर तिच्या थडग्यापाशी फुलं घेऊन उभा असतो. म्हणजे तो जुना बॉन्ड एकच माणूस. क्रेगचा दुसरा, आणि ‘स्कायफॉल’मध्ये त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावरही बॉन्ड हेच आडनाव कोरलेलं आहे.

क्रम प्रदर्शनाचाच ठेवा: ‘कसिनो रोयाल’, ‘क्वांटम ऑफ सोलेस’, ‘स्कायफॉल’, ‘स्पेक्टर’, ‘नो टाइम टू डाय’. पण पहिले दोन एकाच दिवशी दाखवा. 144 आणि 106 मिनिटं, म्हणजे मध्ये चहा धरून साडेचार तास. ‘क्वांटम ऑफ सोलेस’ पहिल्याच्या शेवटानंतर लगेच सुरू होतो. 2008मध्ये दोन वर्षांच्या अंतराने पाहणाऱ्यांना मिस्टर व्हाइट कोण, बॉन्ड एवढा का धुमसतोय, हे आठवेना, आणि अर्धी नाराजी तिथली होती. उरलेली अर्धी खरी आहे: लेखकांच्या संपामुळे पटकथा कच्ची राहिली आणि मारामारीचं संकलन इतकं तुटक आहे की कोण कुठे आहे ते समजत नाही. सुरुवातीच्या पाठलागात आधीच सांगून ठेवा, डावीकडचं दार उखडलेली गाडी बॉन्डची.

बॉन्डला शस्त्रं-यंत्रं पुरवणारा क्यू आणि एमची सेक्रेटरी मनीपेनी पहिल्या दोन्हींत नाहीत. जुन्या प्रेक्षकांना ते फार खुपलं होतं. दोघं 2012च्या ‘स्कायफॉल’मध्ये येतात. नव्यांना ही उणीव जाणवणारच नाही, त्यामुळे आधी बोलूही नका. 2005च्या ऑक्टोबरमध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा केस पिंगट, उंची कमी म्हणून बहिष्काराची हाक देणारं संकेतस्थळसुद्धा निघालं होतं. पण 2002च्या, ब्रॉस्ननच्या शेवटच्या सिनेमातली अदृश्य होणारी गाडी आठवा, म्हणजे निर्मात्यांना जमिनीवर का यावंसं वाटलं ते कळेल. आणि ‘कसिनो रोयाल’मधल्या याच भूमिकेसाठी क्रेगला पुढे बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं.

लहान मुलं असतील तर पहिल्या सिनेमाच्या उत्तरार्धात, तळ काढलेल्या खुर्चीवर छळ होतो तो प्रसंग लक्षात ठेवा.

इस्पिक सत्ती:

जुगाराचं मी सांगते. ‘कसिनो रोयाल’चा खलनायक ल शिफ्र बंडखोरांचे पैसे सांभाळायला घेतो आणि स्कायफ्लीट कंपनीचा शेअर पडेल यावर लावतो. मायामीच्या विमानतळावर त्यांचं नवं विमान स्फोटाने उडवायचं, म्हणजे शेअर आपोआप पडेल, हा बेत. बॉन्ड तो हाणून पाडतो आणि ल शिफ्र 10 कोटी डॉलरहून जास्त बुडतो. ते भरून काढायला मॉन्टेनेग्रोतला पोकरचा डाव: दहा खेळाडू, प्रत्येकी 1 कोटी, हरल्यास आणखी 50 लाख घालून परत बसता येतं.

शेवटी टेबलावर सगळ्यांना सामाईक पाच पानं: बदामाचा एक्का आणि इस्पिकचे अठ्ठी, छक्की, चौकी, एक्का. पहिल्या खेळाडूच्या हातात इस्पिकचे राजा-राणी, म्हणजे पाचही इस्पिक. दुसऱ्याकडे दोन अठ्ठ्या, म्हणजे तीन अठ्ठ्या दोन एक्के. ल शिफ्रकडे एक्का आणि छक्की, म्हणजे तीन एक्के दोन छक्क्या, तो वरचढ. बॉन्डकडे इस्पिकची पंजी-सत्ती. चार ते आठ, सलग, एकाच रंगाचे. याच्यावर फक्त याहून मोठी तशीच ओळ.

तीन पत्ती खेळणाऱ्यांची हमखास चूक होते. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये उलटं. तीन पानांत कलर जास्त वेळा जुळतो, पाच पानांत सिक्वेन्स. जे दुर्मीळ ते मोठं. एवढं आधी सांगितलंत तर पानं उघडताना कुणी मध्येच विचारणार नाही.

सातवी ओळ:

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक: ‘कसिनो रोयाल’मध्ये बॉन्डने बहामात जिंकलेल्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबी5 गाडीला ‘स्कायफॉल’मध्ये मशीनगन कुठून येतात? आणि ‘स्पेक्टर’ वगळला तर चालेल का?

पिटातला प्रेक्षक:

बहामातली गाडी डाव्या स्टिअरिंगची. ‘स्कायफॉल’मधली उजव्या स्टिअरिंगची, क्रमांक बीएमटी 216ए, म्हणजे 1964च्या ‘गोल्डफिंगर’मधला. कथेत याचा हिशेब लागत नाही. बॉन्डपटांना 50 वर्षं पूर्ण झाली म्हणून जुन्या प्रेक्षकांना दिलेली ती भेट आहे. नव्यांना ‘ही सरकारी गाडी’ एवढं सांगा.

‘स्पेक्टर’वरचा राग मला पटतो. आधीच्या सगळ्या दुःखांमागे एकच माणूस होता, हे मागाहून चिकटवलंय. कारण व्यावहारिक आहे: स्पेक्टर ही गुन्हेगारी संघटना आणि तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड यांच्या हक्कांचा जुना वाद 2013च्या नोव्हेंबरमध्ये मिटला. तोवर ती नावं वापरता येत नव्हती, म्हणून पहिल्या दोन सिनेमांत संघटना वेगळी. तरी वगळू नका. मॅडलिन स्वान तिथे भेटते, आणि तिची ओळख नसेल तर ‘नो टाइम टू डाय’ची 163 मिनिटं कोरडी जातील.