हेलिओस ४४-२: एफ/८ लाही डावा कोपरा मऊ (अस्पष्ट), लेन्स डीसेंटर आहे का (आतली काच मध्यापासून सरकलीय का)? मदत हवी आहे

मंडळी, जुन्या लेन्स वापरणारे कोणी असाल तर जरा बघा. मामाच्या झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ (५८ एमएम, एफ/२) माझ्याकडे आलीय, सिरियल नंबर ७८ ने सुरू होतो आणि क्रास्नोगोर्स्क कारखान्याचा प्रिझमवाला शिक्का आहे, म्हणजे १९७८ ची धरायची. एम४२ अडॅप्टर (जुनी स्क्रूची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची कडी) लावून २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम मिररलेसवर वापरतोय. पोर्ट्रेटला ती गरगरणारी बॅकग्राउंड झकास येते, पण मला वाड्यांच्या दारांवरचं कोरीवकाम काढायचंय, तिथे कडेपर्यंत शार्प लागतं, म्हणून कुठल्या अपर्चरला (लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ नंबर मोठा तितकं ते लहान) काय मिळतं ते नीट बघायला घेतलं.

भिंतीवर पेपरातली छोट्या जाहिरातींची पानं चिकटवली (इतकं बारीक अक्षर फुकटात कुठे मिळणार!), कॅमेरा ट्रायपॉडवर साधारण दोन मीटरवर, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद, रॉ. एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत) अपर्चर येत नाही म्हणून दर फोटोला एफ नंबरची चिठ्ठी भिंतीवर.

एफ/२ ला मधली अक्षरं वाचता येतात पण वर दूध सांडल्यासारखं दिसतं, एफ/२.८ ला ते बरंच जातं, एफ/४ ला मधला भाग मस्त आणि ५.६ ते ८ ला 'भाड्याने देणे'मधल्या फोन नंबरचा आकडा न् आकडा सुटा. एफ/१६ ला परत सगळीकडे सारखंच मऊ, ते डिफ्रॅक्शन (भोक फार लहान झालं की प्रकाश पसरतो), त्याबद्दल तक्रार नाही. डोकेदुखी आहे ती डाव्या वरच्या कोपऱ्याची, उजवीकडचं सगळं एफ/८ ला वाचता येतं आणि हा कोपरा नुसता लगदा. फोकस रिंगच्या बारीक स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या आहेत, म्हणजे कोणीतरी उघडलेली दिसतेय.

तर हे डीसेंटर, की अडॅप्टर वाकडा, की कॅमेराच भिंतीला समांतर नाही? आणि फोकस एफ/२ ला करून मग अपर्चरची रिंग फिरवून भोक लहान करायचं की त्याच अपर्चरला करायचा?

प्रतिसाद:
आधी भिंत बाद करा. छोटा आरसा पेपरावर सपाट चिकटवा, स्क्रीनवर तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मधोमध आलं की कॅमेरा समांतर. मग कॅमेरा उलटा करून (सेंटर कॉलम उलटा घातला की जमतं) पुन्हा काढा. मऊपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर मांडणी तिरकी, फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर लेन्स किंवा अडॅप्टर. हे एफ/२.८ ला बघा, एफ/८ ला डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे जेवढं शार्प येतं तेवढी खोली) बरंच झाकून नेतं. फोकस मात्र ज्या अपर्चरला फोटो त्याच अपर्चरला, मॅग्निफाय करून, कारण अशा लेन्सचं अपर्चर लहान करताना फोकस थोडा सरकतो.

धागाकर्ता:
आभार, आरशाची युक्ती भारीये. केलं सगळं, कोपरा फ्रेमच्या त्याच जागी. मित्राची दुसरी एम४२ लेन्स त्याच अडॅप्टरवर चारी कोपऱ्यांना ठीक आहे, म्हणजे आमच्या हेलिओसबाईंच्या पोटातच काहीतरी हललंय. घरी उघडायची हिंमत नाही. पुण्यात काचा नीट बसवून देणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि साधारण किती घेतात तेही सांगा, लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त होणार असेल तर मी दारं मधोमध ठेवून कडा कापेन.